महिन्यातून दोनदा

“हिची पाळी महिन्यातून दोनदा येते,” माई म्हणाल्या. “नेमकी चतुर्दशीला. एकदा शुद्ध पक्षात, एकदा वद्य पक्षात.”

मोठ्या मॅडमनी, म्हणजे आमच्या गायनॅक डॉक्टरांनी, केसपेपरवर ‘पंधरा दिवसांची सायकल’ असं लिहिलं आणि पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. “ही तुझीच पेशंट ना? म्हणून बोलावलं. तुला काही बोलली होती?”

मी केबिनच्या दारात उभी होते. माईंच्या शेजारच्या खुर्चीत त्यांची सून वृंदा बसली होती. मांडीवर दहा महिन्यांची चिऊ. वृंदानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि चिऊच्या टोपड्याची नाडी सोडून पुन्हा बांधायला घेतली. बांधली. परत सोडली.

ती पाळी खोटी होती. त्या खोलीत हे दोघींनाच ठाऊक होतं, वृंदाला आणि मला. निदान माझी तशी समजूत होती.

“सोनोग्राफी नॉर्मल आहे,” मॅडम म्हणाल्या. “रक्तही ठीक. तीन महिने हॉर्मोनच्या गोळ्या देऊन बघू.”

वृंदानं मान हलवली. चालेल, अशी. नसलेल्या आजाराच्या गोळ्या ती तीन महिने गिळायला तयार होती.

“मॅडम, लिहायच्या आधी मला पाच मिनिटं द्याल? तिचा फॉलोअप राहिलाय.”

“फॉलोअप नंतर कर की. बाहेर तीस पेशंट बसलेत.”

“पाचच मिनिटं.”

“पाच म्हणजे पाच,” मॅडम म्हणाल्या आणि पुढची घंटी वाजवली.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. घर देवासचं, नोकरी देवासच्याच एका खासगी हॉस्पिटलात. त्यांची एक शाखा धारला आहे, तिथे दर गुरुवारी मी बसते. फिजिओ म्हटलं की लोकांना गुडघे आठवतात किंवा मान. माझं काम त्या दोन्हींच्या मधलं आहे. बाळंतपणानंतर ज्या बायकांची लघवी शिंकताना, हसताना, मूल उचलताना सुटते, त्यांच्यावर मी उपचार करते. हे वाक्य मी मुद्दाम सरळ लिहिते. ‘तो त्रास’, ‘खालचं दुखणं’ असं म्हणत म्हणतच आपण हा त्रास पिढ्यान्‌पिढ्या लपवला आहे.

गोष्ट साधी आहे. कमरेच्या हाडांच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय, आतड्याचं शेवटचं टोक, सगळं तिच्यावर टेकलेलं असतं. नऊ महिने ती झोळी वजन पेलते आणि बाळंतपणात ताणली जाते, कधी फाटते. मग पोटात दाब वाढला की तिला दार धरून ठेवता येत नाही. ह्याला आम्ही स्ट्रेस इनकॉन्टिनन्स म्हणतो. स्ट्रेस म्हणजे इथे मनाचा ताण नव्हे, पोटातला दाब. बहुतेक बायकांची झोळी व्यायामानं पुन्हा घट्ट होते. पण त्यासाठी बाईला आधी दवाखान्यात यावं लागतं आणि तोंड उघडावं लागतं. माझा निम्मा वेळ ह्या दुसऱ्या कामात जातो.

म्हणून मी पत्रक काढलं. पत्रकं हा आमचा घरचा धंदाच म्हणा. माझी आई देवासला शाळेत शिकवायची आणि उरलेल्या वेळात पत्रकं वाटायची. रेशनवर, हुंड्यावर, कारखान्यातल्या बायकांच्या पगारावर. एका बाजूला हिंदी, दुसऱ्या बाजूला मराठी. शाळा माझी हिंदी. मराठी वाचायला मी ह्या गुलाबी कागदांवर शिकले. आईचे दोन नियम होते. पत्रकाला दुसरं पान नसावं. आणि वाचणारी एकटी असेल तिथे ते लावावं. मी माझं पत्रक दवाखान्यातल्या बायकांच्या संडासाच्या दाराला आतून चिकटवलं.

एप्रिलमध्ये वृंदा ते वाचून आली. वय एकोणतीस. नाव मी बदललं आहे आणि तिला विचारूनच लिहिते आहे. नवरा पीथमपूरच्या एका कंपनीत. सासरचं घराणं जुन्या संस्थानातल्या कारभाऱ्यांचं, म्हणजे कुळाचार कडक. माहेर देवासचं. बोलता बोलता ती मराठीतून हिंदीत कधी जाते, तिचं तिला कळत नाही. आमच्याकडे सगळ्यांचंच तसं आहे.

प्रत्येक पेशंटचं माझ्याकडे एक कार्ड असतं. त्यावरचा पहिला रकाना ‘गोल’. बरं झाल्यावर काय करता यायला हवंय? कुणी सांगतं गरबा, कुणी स्कूटी, कुणी देवासची टेकडी न थांबता चढायची म्हणतं. वृंदा म्हणाली,

“मला महालक्ष्म्यांचा स्वयंपाक करायचाय. सोवळ्यात. पूर्ण.”

भाद्रपदात गौरी येतात, त्यांना आमच्याकडे महालक्ष्म्या म्हणतात. दुसऱ्या दिवशी मोठा नैवेद्य असतो. तो करायचा म्हणजे पहाटे अंघोळ करून, आदल्या दिवशी धुऊन कुणाचा हात लागणार नाही अशा जागी वाळत घातलेलं लुगडं नेसायचं. मग नैवेद्य होईपर्यंत कुणाला शिवायचं नाही. त्या एका लुगड्याखेरीज अंगावर दुसरं काही चालत नाही. म्हणजे पॅडही नाही. आणि लघवीचा थेंब सुटला की सोवळं मोडलं.

“लहानपणी देवासला आई करायची ना,” वृंदा म्हणाली, “तर मी उंबऱ्याच्या बाहेर बसून बघत होती. आत पाय नाही ठेवायचा. सोळा भाज्या, आंबील, पुरण. आई कोणाशी बोलत नव्हती. तिला कोणी हाक पण मारत नव्हतं, मॅडम. पूर्ण सालभर घरात आई-आई-आई, आणि त्या सकाळी कोणीच नाही. मला वाटायचं, ही कुठे गेली? समोर तर बसलीये. मग लग्न झाल्यावर माईंनी मला आत घेतलं. दोन वर्षं केलं मी. तेव्हा कळलं आई कुठे जायची ते. मागच्या वर्षी चिऊ झाली, सुवेर होतं. आता मला परत तिथे जायचंय.”

हे ती माझ्याकडे न बघता बोलत होती, भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत.

मग तिनं पौषातली पौर्णिमा सांगितली. त्यांच्याकडे दर पौर्णिमेला आणि अमावास्येला कुलदेवीला सोवळ्यातला नैवेद्य असतो. बाळंतपणानंतर ती पहिल्यांदाच स्वयंपाकाला बसली होती. पुरणाचं पातेलं उतरवताना लघवी सुटली. कुणाला कळलं नाही. तिनं सांगितलं नाही. नैवेद्य दाखवला गेला.

“देवीला ओवळा नैवेद्य गेला, मॅडम. माझ्या हातचा.”

त्यानंतर तिनं एक तोड काढली. पौर्णिमा किंवा अमावास्या आली की आदल्या दिवशी म्हणायचं, मी बाजूला आहे. म्हणजे पाळी आली. पाळीतली बाई स्वयंपाकघरात जात नाही, आणि पाळी आली का हे कुणी पुरावा मागून तपासत नाही.

मी कार्डावर ‘गोल’च्या पुढे लिहिलं: घरकाम.

तिनं ते वाचलं.

व्यायाम शिकवले. आतल्या आत आवळून वर खेचायचं, पाच मोजेपर्यंत धरायचं, पूर्ण सोडायचं. आधी झोपून, मग बसून, मग उभं राहून. लघवी करताना हा व्यायाम कधीही करायचा नाही, कारण मूत्राशय अर्धवट रिकामं राहतं. सोबत ब्लॅडर डायरी दिली. किती वाजता पाणी प्यायलं, किती वाजता लघवी झाली, कधी सुटली, हे चार दिवस लिहायचं. डायरीत दिसलं की सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत बाई अर्धा ग्लास पाणी पिते. भीतीनं. बहुतेक जणी हेच करतात आणि त्रास वाढवून घेतात, कारण लघवी दाट झाली की मूत्राशय जास्त चिडतं. ते मी समजावलं. ती शहाणी पेशंट होती. दर गुरुवारी यायची, व्यायाम चुकवायची नाही. मे संपता संपता हसताना सुटायचं बंद झालं.

जूनमध्ये तिनं विचारलं, “भाद्रपदापर्यंत होईल ना?”

आणि मी सुरू झाले. मी काय बोलले ते थोडक्यात लिहिते, कारण त्याचा मला अभिमान नाही. बाईच्या अंगाला ओवळं ठरवणारा हा कोण नियम, तू शिकलेली आहेस, पॅड लावून साडी नेसून स्वयंपाक कर, देवीला चालत नसेल तर देवीला माझ्याकडे पाठव. आईच्या पत्रकांतली वाक्यं माझ्या तोंडातून आपोआप येतात. माझं मत आजही तेच आहे. पण वृंदा माझं मत घ्यायला आलेली नव्हती.

तिनं सगळं ऐकून घेतलं. “हौ, मॅडम,” म्हणाली आणि चिऊला उचलून गेली. पुढचे तीन गुरुवार आली नाही.

चौथ्या गुरुवारी ती माईंबरोबर आली, ती मोठ्या मॅडमच्या केबिनमध्ये. महिन्यातून दोनदा येणाऱ्या पाळीसाठी.

माझ्या खोलीत पडद्याआड ती टेबलाच्या कडेला बसली. चिऊ माईंकडे बाहेर होती.

“तीन गुरुवार कुठे होतीस?”

“चिऊला ताप होता.”

“तीन आठवडे?”

“नाही.”

“त्या गोळ्या घेणार आहेस?”

“घेते ना. काय होतं गोळ्यांनी.”

“वृंदा, तो आजार तुला नाहीये.”

“मग काय सांगू? माईंना सांगू की मी ओवळा नैवेद्य दिला? आणि वरून सहा महिने झूठ बोलली?”

“निदान मोठ्या मॅडमना सांग. त्या कुणाला बोलणार नाहीत.”

“मग गोळ्या का नाही दिल्या, ते माईंना काय सांगतील?”

मी मॅडमना सांगू शकत नव्हते, पेशंटनं विश्वासानं सांगितलेलं फोडायचं नसतं. आणि गप्प बसून गोळ्या लिहू देणंही शक्य नव्हतं. पाच मिनिटांतली तीन संपली होती.

“तुमच्या त्या दारावरच्या परच्यात लिहिलंय ना,” वृंदा म्हणाली, “तुम्हाला काय हवंय ते आम्हाला सांगा. मी तर सांगितलं होतं. तुम्ही ‘घरकाम’ लिहिलं.”

तेवढ्यात पडदा बाजूला झाला. माई. एका काखेत चिऊ, दुसऱ्या हातात माझं पत्रक. चारही कोपऱ्यांना फाटलेल्या टेपचे तुकडे लोंबत होते.

“हे कोणी लिहिलं?”

“मी.”

“मराठी बरं आहे,” माई म्हणाल्या. “पण हे ‘जड वस्तू उचलताना’ काय आहे? जड वस्तू हमाल उचलतात. पुरणाचं पातेलं लिही. पाण्याची बादली लिही. म्हणजे कळेल कोणाला म्हणतेस ते.”

त्या स्टुलावर बसल्या. चिऊला मांडीवर घेतलं. मग सुनेकडे पाहिलं.

“वृंदा, माझी पाळी कधी गेली, माहीत आहे तुला?”

वृंदा गोंधळली. “पंचावन्नाव्या वर्षी. तुम्हीच तर सांगितलं होतं.”

“पंचावन्नला मी घरात सांगितलं. गेली एकोणपन्नासला. सहा वर्षं मी नसलेल्या पाळीच्या नावानं बाजूला बसत होते. चतुर्दशीलाच.”

चिऊ पत्रक तोंडात घालायला बघत होती.

“तेव्हा थोरल्या जाऊबाई होत्या, त्या करायच्या स्वयंपाक,” माई पुढे म्हणाल्या. “मग त्या इंदूरला राहायला गेल्या. मग मला पाळी घालवावीच लागली. पुढे दहा वर्षं सोवळ्याच्या दिवशी पाण्याचा थेंब नाही प्यायले, तरी व्हायचं ते व्हायचंच. तू आलीस तेव्हा सुटले.”

“माई, मग तुम्ही इथे पाळीची तक्रार घेऊन कशा आलात?” मी विचारलं.

“मग काय करू? घरात विचारलं तर सून म्हणेल, सासू शंका घेते. म्हटलं, डॉक्टरीणबाई खोदून विचारतील, हिला सांगावं लागेल. तिथी पण सांगितली मी त्यांना! चतुर्दशी म्हटलं, दोनदा म्हटलं. तर त्या गोळ्याच लिहायला लागल्या!”

वृंदा हसायला लागली. मग रडायला लागली, आणि दोन्ही एकदमच चाललं. मग तिनं घाईनं पाय आवळले.

“मॅडम, सुटली.”

“सुटू दे,” माई म्हणाल्या. “इथे कुठे सोवळं आहे. आणि तो तुझा पौषातला नैवेद्य, पडद्यापलीकडून ऐकलं मी. असले मी दहा वर्षं दाखवलेत. देवीनं एकदाही ताट परत पाठवलं नाही.”

मोठ्या मॅडमना वृंदानं स्वतः सांगितलं, दोन वाक्यांत. त्यांनी गोळ्यांची चिठ्ठी फाडली. ओपीडी संपल्यावर मला म्हणाल्या, “मी विचारायला हवं होतं.” मग हात धुताना म्हणाल्या, “पण बाहेर तीस बायका बसल्या होत्या ना.” दोन्ही खरं होतं.

त्या संध्याकाळी परतताना बस इंदूरला थांबली. बायका उतरल्या आणि स्टँडच्या टोकाशी असलेल्या संडासाकडे निघाल्या. काही भरभर, काही पदर घट्ट धरून. मी खिडकीतून बघत होते आणि मला आईचं एक पत्रक आठवलं.

आईनं पुष्कळ विषयांवर पत्रकं काढली, पण वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा छापलं ते एकच. बसस्टँडवर बायकांसाठी मुतारी हवी. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची. ‘मुतारी’ हा शब्द मोठ्या अक्षरांत छापलेला कागद अनोळखी लोकांच्या हातात द्यायचा म्हणजे माझा जीव जायचा. मी तिला म्हणायचे, दुसरा विषय नाही का? ती म्हणायची, आहे, पण आधी हा. मोर्चे चालू असताना ती मध्येच कुठे तरी नाहीशी व्हायची. तिच्या मैत्रिणी थट्टा करायच्या, बाई घोषणा देऊन गायब. एकदा रागानं मीही म्हटलं होतं, तू शेवटपर्यंत थांबत का नाहीस? ती म्हणाली, “थांबवत नाही गं.” मला वाटलं, घरची कामं असतात म्हणून.

आईला जाऊन चार वर्षं झाली. हा विषय शिकायला मी दूर जाऊन राहिले, परीक्षा दिल्या, ह्याच विषयावर दुसऱ्यांच्या आयांशी तासन्‌तास बोलले. तिला एकदाही विचारलं नाही. बस सुटली तेव्हा मला इतकंच वाटत होतं की एक गुरुवार मिळावा. पडदा ओढावा, तिला टेबलावर बसवावं आणि म्हणावं, सांग.

पुढच्या गुरुवारी दोघी आल्या. मी कार्डावरचं ‘घरकाम’ खोडलं आणि वृंदा म्हणाली होती तसंच लिहिलं: महालक्ष्म्यांचा स्वयंपाक, सोवळ्यात, पूर्ण. हातात अकरा आठवडे होते.

मग मी ते केलं जे एप्रिलमध्येच करायला हवं होतं. नियम विचारले. धावणारी पेशंट आली की मी तिच्या रस्त्याचा चढ विचारते, बूट विचारते. सोवळ्याचं मात्र मी सगळं समजून चालले होते, कारण मला ते आवडत नव्हतं.

“किती वेळ लागतो?”

“पाच तास,” वृंदा म्हणाली.

“पाच तास ती लघवीला न जाता राहू शकणार नाही. कुणीच राहू नये. अडीच तासांनी जायलाच हवं.”

“जाऊ दे की,” माई म्हणाल्या. “परत अंघोळ करायची, दुसरं सोवळं नेसायचं. सोवळं एकदाच नेसायचं असं कोण म्हणतं? दोन वाळत घालू.”

“आणि पाणी?”

“कळशी सोवळ्यातच भरलेली असते. नैवेद्य चाखायचा नाही. पाणी प्यायला कोणी मना केलंय?”

वृंदा सासूकडे बघत राहिली. “पण तुम्ही तर कधी नाही प्यायल्या.”

“मी नियमानं नव्हतं सोडलं. भीतीनं सोडलं होतं. तू मला बघून शिकलीस.”

राहिल्या दोन गोष्टी, पातेलं आणि फोडणी. उचलताना श्वास रोखला की सगळा दाब खाली जातो. म्हणून आधी आवळायचं, मग श्वास सोडत उचलायचं. हे आम्ही रिकाम्या बादलीपासून सुरू करून भरलेल्या बादलीपर्यंत नेलं. शिंकेचंही तसंच. शिंक येतेय असं कळलं की ती येण्याआधी झोळी आवळायची. सांगायला सोपं आहे, पण शिंक ऑर्डर देऊन येत नाही.

म्हणून ऑगस्टच्या एका गुरुवारी शेकाचे पॅक गरम करायच्या हॉटप्लेटवर मी कढई ठेवली. तेल, मोहरी, हिंग, चार लाल मिरच्या. वृंदा समोर उकिडवी बसली, जशी चुलीशी बसते तशी. मिरच्या तडतडल्या आणि पडद्याच्या पलीकडून खोकल्याचा पहिला आवाज आला. मग दुसरा. मग अख्खी ओपीडी.

मोठ्या मॅडम धावत आल्या. “ये क्या ढाबा खोल रखा है?”

“मॅडम, ट्रीटमेंट चालू आहे.”

“कसली ट्रीट...” आणि त्या शिंकल्या. शिंकताना त्यांनी टेबलाची कड धरली आणि गुडघे जवळ घेतले. जाताना म्हणाल्या, “खिडकी तरी उघड.”

वृंदा तीनदा शिंकली. तिन्ही वेळा कोरडी.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला माईंनी मला बोलावलं. मी देवाधर्माचं काही करत नाही, हे त्यांना मी आधीच सांगितलं होतं. “जेवतेस ना? मग ये,” त्या म्हणाल्या. मी सकाळीच पोचले. वृंदाच्या नवऱ्यानं चिऊला फिरवायला नेलं होतं. मी सोवळ्यात नव्हते, तेव्हा आत जायचा प्रश्न नव्हता. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर मला एक पाट मिळाला.

आत वृंदा चुलीशी बसली होती. माई सोवळ्यानं बाजूला, भाज्या निवडत. कुणी बोलत नव्हतं. वृंदाच्या हाताशी कळशी आणि फुलपात्र होतं, आणि ती मधून मधून दोन घोट पाणी पीत होती. अडीच तासांनी ती उठली, मागच्या दारानं गेली, अंघोळ करून दुसरं लुगडं नेसून आली. पुरणाचं पातेलं उतरवताना तिचे ओठ किंचित उघडले, श्वास बाहेर गेला, पातेलं खाली आलं. ती तशीच पुढच्या कामाला लागली. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. मी तिथे आहे हेच ती विसरली होती. मला वाटलं, आता ही गेली, जिथे जायचं म्हणत होती तिथे.

शेवटची फोडणी कटाच्या आमटीची. पहिली शिंक आली ती तिनं बरोबर धरली. दुसरी लगेच पाठोपाठ आली.

वृंदा थांबली. पळी खाली ठेवली. मग उठून उभी राहिली आणि माईंना म्हणाली, “माई, मी परत नेसून येते.” ‘बाजूला आहे’ असं नाही, ‘डोकं दुखतंय’ असंही नाही. सरळ तेवढंच.

“मागच्या दोरीवर तिसरं वाळत घातलंय,” माई म्हणाल्या आणि पळी उचलली.

नैवेद्य वीस मिनिटं उशिरा दाखवला गेला. सोळा भाज्या मी मोजल्या नाहीत, पण आमटी दोनदा मागून घेतली.

धंद्यातला धडा म्हणून सांगायचं तर इतकंच: कार्डावरचा पहिला रकाना पेशंटच्या शब्दांत भरावा, आपल्या नव्हे. उपचार त्यानंच होतो. माझ्या मतांनी अजून एकाही बाईची लघवी थांबलेली नाही. पत्रकात आता ‘जड वस्तू’ नाही, पुरणाचं पातेलं आणि पाण्याची बादली आहे. मोठ्या मॅडमच्या केबिनमध्ये प्रत्येक बाळंतिणीला एक प्रश्न सरळ विचारला जातो, बाहेर तीस जणी बसलेल्या असल्या तरी.

आणि गुरुवारी साडेअकराची वेळ माईंची आहे. पहिल्या दिवशी मी कार्ड काढलं आणि विचारलं, काय करता यायला हवंय?

“धार ते देवास, बसनं,” त्या म्हणाल्या. “भावाकडे. मध्ये कुठे उतरायचं नाही. आणि दाराजवळच्या सीटवर नाही, खिडकीशी बसायचं.”

मी तसंच लिहिलं. माझ्या टेबलाच्या खणात आणखी एक कार्ड आहे. त्यावर आईचं नाव घातलं आहे. पहिला रकाना कोरा आहे, आणि तो माझ्या शब्दांत भरायचा नाही, हे आता मला कळतं.